स्मृतींची शिदोरी

लेखकाला स्फूर्ती कोठून मिळते? ग्रंथांच्या व्यासंगातून, निसर्गाच्या सान्निध्यातून किंवा विद्वानांच्या सहवासातून ती मिळते, असे सामान्यतः मानले जाते. लक्ष्मीबाई टिळकांना ग्रंथांचा व्यासंग कधीच घडला नाही. त्या लिहावाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर, आणि तेही मोडक्यातोडक्या रीतीने. तरीही मराठीतील एक अत्यंत सरस आत्मचरित्र त्यांच्या हातून लिहिले गेले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. घरात त्यांना मनू म्हणत. वडिलांचे सोवळेओवळे इतके कडक होते की, बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेता येत नसे. त्यापायी बायकामुलांचे फार हाल होत. परंतु मनूची नजर चौकस आणि वृत्ती विनोदी होती. जे सोसावे लागे, त्यातली गंमतही तिला दिसे.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक पुढे कवी म्हणून विख्यात झाले. ते मनाचे उदार, पण स्वभावाने तापट व लहरी होते. कोणास न सांगता घरातून निघून जावे, हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकावा, असे त्यांचे वागणे असे. पत्नीला त्यांनीच अक्षरओळख करून दिली. पण हे शिक्षण त्यांच्या लहरीप्रमाणे कधी चाले, कधी बंद पडे.

१८९५ साली टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. एकीकडे पती, तर दुसरीकडे आप्तेष्ट आणि जन्मापासूनचा आचारधर्म! लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. त्या दुःखाच्या दिवसांत त्यांना कवितेचा आधार सापडला. जे कोणापाशी बोलता येत नव्हते, ते त्या आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत पद्यरूपाने लिहू लागल्या.

पुढे त्या पतीकडे परतल्या. अंगी मुरलेले जातिभेदाचे विचार त्यांनी एकदम टाकले नाहीत. स्वतःच्या मनाशी झगडून ते दूर केले आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नगर येथील त्यांच्या घरी अनाथ मुलांना आसरा मिळे, पाहुण्यांची वर्दळ असे. बालकवी ठोमरे यांनाही त्या घरात मुलासारखी माया लाभली. चूल सांभाळता सांभाळता लक्ष्मीबाई माणसे न्याहाळीत होत्या. त्यांचे बोलणे, रुसणे, हसणे मनात साठवीत होत्या.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. जिला धड शिक्षण मिळाले नाही, त्या स्त्रीने हे काम उतारवयात केले, हे विशेष होय.

त्यांचा पुत्र देवदत्त याच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. त्या निमित्ताने लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली आणि वर्षानुवर्षांची शिदोरी उलगडली. घरात बोलावे तशी त्यांची भाषा होती. पतीचे दोष त्यांनी कडवटपणा न ठेवता सांगितले; स्वतःची फजितीही लपविली नाही. 'स्मृतिचित्रे' १९३४ सालापासून चार भागांत प्रसिद्ध झाली आणि वाचक हसता हसता डोळे पुसू लागले. १९३६ साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

स्फूर्तीच्या शोधात त्यांना दूर जावे लागले नाही. ती त्यांच्या स्वयंपाकघरात होती, वियोगात होती, पोराबाळांच्या गलबल्यात होती. उघडे डोळे, निर्मळ मन आणि खरे सांगण्याचे धैर्य एवढ्याच भांडवलावर त्यांनी तिची जोपासना केली.