उजेडाचा हिशेब ठेवणारा माणूस : लुई कान

स्मरणिका समितीने सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर लिहा म्हणून सांगितलं होतं. पण पाण्याची टाकी, गणपती, लिफ्टची भांडणं यांवर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर सरकारी बांधकाम खात्यात आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन होतो. दुसऱ्यांच्या भिंती कागदावर ओढण्यात बत्तीस वर्षं गेली. तेव्हा आमच्या धंद्यातल्या एका थोर माणसाची गोष्ट सांगतो. आडनाव कान, पण माणूस सगळा डोळ्यांचा.

लुई कान यांचा जन्म १९०१ सालचा, एस्टोनियातला. हा देश तेव्हा रशियन साम्राज्यात होता. घर गरीब ज्यू कुटुंबाचं. लुई तीन वर्षांचे असताना शेगडीतल्या निखाऱ्यांच्या रंगाने त्यांना भूल घातली. पोराने निखारे उचलून आपल्या अंगातल्या एप्रनमध्ये घेतले. कापड पेटलं आणि चेहरा भाजला. तो व्रण जन्मभर राहिला. त्यांच्या कुठल्याही फोटोत गालाखाली आणि हनुवटीवर दिसतो. असं पोर जगण्यापेक्षा गेलेलं बरं, असं वडिलांना वाटलं, तर आईला वाटलं की हा पुढे मोठा होणार. ही हकीकत त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. ज्या उजेडाने पोळलं, त्याच्याच मागे हा माणूस सत्तर वर्षं लागला, हे वाचताना मला दर वेळी थोडं चमत्कारिक वाटतं.

१९०६ साली कुटुंब अमेरिकेत फिलाडेल्फियाला आलं. पेन्सिली घ्यायला पैसे नसायचे, म्हणून जळक्या काटक्यांच्या कोळशाने लुई चित्रं काढत. पुढे मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून चार पैसे मिळवले. अंधारात बसून पडद्यावरच्या उजेडाकडे बघत वाजवायचं, असं ते काम. १९२४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतली आणि काही वर्षांतच महामंदी आली. काम नाही. मग बेकार वास्तुकारांना गोळा करून त्यांनी एक अभ्यासगट काढला आणि कामगारांसाठी स्वस्त घरं कशी बांधता येतील याची डोकेफोड केली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलाद कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांसाठी कार्व्हर कोर्ट नावाची वसाहत दोन सहकाऱ्यांबरोबर उभी केली. म्हणजे बघा, आपल्यासारख्यांच्या घरांची काळजी वाहून हा माणूस मोठा झालेला आहे. पण वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, हेही खरं.

पन्नाशीला वळण आलं. १९५०-५१ मध्ये काही महिने त्यांना रोममधल्या अमेरिकन अकादमीत राहायला मिळालं. तिथून ग्रीस आणि इजिप्तही पाहिले. पडक्या इमारतींची रंगीत खडूंनी चित्रं काढली. त्या चित्रांत दारं-खिडक्यांचे तपशील फार नाहीत. जाड भिंत, तिच्यावर पडलेलं ऊन आणि तिची सावली, एवढंच. रोमच्या पँथिऑन मंदिराला एकही खिडकी नाही. घुमटाच्या माथ्यावर एक मोठं गोल भोक आहे, त्यातून उन्हाचा कवडसा दिवसभर आतल्या भिंतीवरून सरकत राहतो. आपल्याकडे कौलातल्या काचेतून माजघरात कवडसा पडायचा ना, तसाच, फक्त राजेशाही. दिवसा उजेड कुठून आणि किती घ्यायचा हे आधी ठरवायचं, भिंती मग त्याप्रमाणे येतात, ही कान यांची रीत यानंतर पक्की झाली. नैसर्गिक उजेड नसलेल्या खोलीला ते खोली म्हणायलाच तयार नसत.

लगेच जमलं असं मात्र नाही. फिलाडेल्फियातली त्यांची रिचर्ड्स प्रयोगशाळा १९६०च्या सुमारास पुरी झाली आणि तिने त्यांना नाव मिळवून दिलं. पण आत काम करणारे शास्त्रज्ञ वैतागले. मोठ्या काचांतून ऊन थेट टेबलावर यायचं. शेवटी त्यांनी काचांना आतून चमकी कागद चिकटवले! नकाशात सुंदर दिसणारा उजेड माणसाच्या डोळ्यांत घुसतो तेव्हा काय होतं, हे कान यांना तिथे कळलं असावं. कारण यापुढच्या कामांत ऊन सरळ आत येत नाही. ते आधी कशावर तरी आपटतं, मऊ होतं, मग खोलीत शिरतं.

कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेचं प्रांगण पुष्कळांनी फोटोत पाहिलं असेल. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या इमारती, मध्ये दगडी फरसबंदी, पाण्याचा एक बारीक पाट आणि समोर प्रशांत महासागर. तिथे झाडं लावायचा बेत होता. मेक्सिकोचे वास्तुकार लुइस बारागान यांनी सांगितलं, काही लावू नका, मोकळं सोडा. कान यांनी ऐकलं. इतक्या मोठ्या माणसाने दुसऱ्याचं ऐकलं हेच मला त्या प्रांगणाइतकं मोलाचं वाटतं.

मला विचाराल तर त्यांची सगळ्यात सरस इमारत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचं किंबेल कलासंग्रहालय, १९७२ साली उघडलेलं. अडचण अशी, की चित्रांना ऊन चालत नाही, रंग उडतात. आणि कान यांना तर उजेड आकाशातलाच हवा. त्यांनी काय केलं? लांबच लांब काँक्रीटच्या कमानी छतं केली, एकेक सुमारे शंभर फुटांची. प्रत्येकीच्या माथ्यावर मधोमध अडीच फुटांची सलग फट ठेवली. फटीखाली बारीक छिद्रांचा, पंखांसारखा वाकवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा टांगला. ऊन फटीतून उतरतं, पत्र्यावर पडून वर उलटतं, छताच्या गुळगुळीत काँक्रीटवर पसरतं आणि तिथून चित्रांवर येतं. काँक्रीटसारखी राखाडी वस्तू त्याने चांदीसारखी दिसते. बाहेर ढग आला की आतल्या माणसाला समजतं. मी ती इमारत प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण तिचा छेद, म्हणजे सेक्शन, हौसेने तीन वेळा काढून पाहिला आहे. शाई लावताना हात थांबतो, इतका तो नेमका आहे.

जी पाहिली ती अहमदाबादची. १९६२ साली तिथे भारतीय व्यवस्थापन संस्था, आयआयएम, उभी करायची होती. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई ही मंडळी त्यामागे होती. वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी कान यांचं नाव सुचवलं. दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये. पुढे या कामावर अनंत राजे आले, तेही मुंबईचे आणि जे. जे. चेच, फिलाडेल्फियाला कान यांच्या कचेरीत काम करून परतलेले. तेव्हा या गोष्टीत आपली माणसं आहेत, ती उगाच ओढून आणलेली नाहीत.

अहमदाबादचा उन्हाळा म्हणजे भाजणं. तिथे काच वापरून चालणार नव्हतं आणि पैसाही बेताचा. कान यांनी साधी, तिथेच मिळणारी वीट घेतली. जाड भिंती, त्यांत कमानी आणि मोठाली गोल भोकं. कमान पसरट असली की दोन्ही टोकांना बाहेर ढकलते. ते आवरायला खाली काँक्रीटची आडवी तुळई घातली आणि ती उघडी दिसू दिली. खऱ्या खोल्या या बाहेरच्या भिंतीपासून आत सरकवल्या. मधल्या पट्ट्यात सावली आणि वारा. ऊन बाहेरच्या भोकात अडकतं, आत येतो तो नुसता उजेड. आमच्या खात्याच्या कामासाठी १९८७च्या मे महिन्यात मी अहमदाबादला गेलो होतो, तेव्हा एक दुपार काढून ते आवार पाहिलं. बाहेर डोळे उघडवत नव्हते. आतल्या व्हरांड्यात पोरं भिंतीला टेकून वाचत बसली होती, दिवा न लावता.

आणि इथे आपल्या सोसायटीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या बी विंगच्या पॅसेजमध्ये भर दुपारी बारा वाजता ट्यूब जळत असते. जिन्याला खिडकी होती, तिच्यापुढे आता एसीची धूड आली. बाल्कन्या आपण सगळ्यांनीच आत घेतल्या, मीही घेतली. आता पुनर्विकासाची कुजबुज सुरू आहे. प्रत्येक सभेत चटईक्षेत्र किती वाढणार हे विचारलं जातं. स्वयंपाकघराची खिडकी कशात उघडणार, हे आजवर एकानेही विचारलेलं ऐकलं नाही.

असो. कान यांचं दुसरं मोठं काम शेजारच्या देशातलं. ढाक्याची संसद. काम पाकिस्तान सरकारने दिलं, मध्येच १९७१चं युद्ध झालं आणि १९८२ साली इमारत पुरी झाली तेव्हा तो बांगलादेश होता. पाण्यातून वर आल्यासारख्या काँक्रीटच्या भिंती, ठरावीक अंतरावर संगमरवराच्या पांढऱ्या पट्ट्या, आणि तीच प्रचंड गोल-त्रिकोणी भोकं. इतक्या गरीब देशाने एवढा खर्च करावा का, ही टीका तेव्हा झाली आणि ती चूक होती असं मी म्हणणार नाही. पण आज ती इमारत बांगलादेशच्या नोटांवर छापलेली आहे.

ही संसद कान यांनी पुरी झालेली पाहिली नाही. १९७४च्या मार्चमध्ये ते अहमदाबादचं काम पाहून परत निघाले आणि १७ तारखेला न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर, स्वच्छतागृहात, हृदयविकाराने गेले. वय ७३. पासपोर्टवरचा घरचा पत्ता त्यांनी स्वतःच खोडलेला होता. त्यामुळे प्रेत दोन-तीन दिवस शवागारात पडून राहिलं आणि घरी कोणाला कळलं नाही. जगभर ज्याचं नाव, त्याची ही गत.

घर म्हणावं तर त्यांची तीन होती. पत्नी एस्थरपासून एक मुलगी. कचेरीतल्या हुशार वास्तुकार अ‍ॅन टिंग यांच्यापासून दुसरी. आणि हॅरिएट पॅटिसन यांच्यापासून मुलगा नॅथनिएल. एकाच शहराच्या परिसरात ही तीन घरं, आणि हा गृहस्थ बहुतेक वेळ कचेरीतच. नॅथनिएल अकरा वर्षांचा होता वडील गेले तेव्हा. मोठेपणी त्याने वडिलांना शोधत त्यांच्या इमारती पालथ्या घातल्या आणि २००३ साली एक चित्रपट केला. तो जरूर बघा. मोठ्या माणसाची बाजू घेऊन मी हे झाकून नेणार नाही. परक्या पोरांच्या खोलीत उजेड किती यावा याचा इंचाइंचाने विचार करणाऱ्याला, आपल्या पोराला बाप किती दिसावा याचा हिशेब जमला नाही.

मागे कर्ज राहिलं, सुमारे पाच लाख डॉलर. इतक्या इमारती बांधून पैसा साठला नाही. एकच नकाशा मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा खोडत बसायची सवय असली की असंच होतं. त्यांची चित्रं आणि नकाशे पेनसिल्व्हेनिया राज्याने विकत घेतले, ते आता त्यांच्याच विद्यापीठात जपून ठेवले आहेत.

अहमदाबादचं उरलेलं काम अनंत राजे यांनी पुढे नेलं. पण विटा झिजल्या, गळती लागली, २००१च्या भूकंपाने तडे गेले. २०२०च्या डिसेंबरात संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायचं ठरवलं. जगभरातून ओरड झाली तेव्हा थोड्याच दिवसांत तो निर्णय मागे घेतला, आणि २०२२ साली विषय पुन्हा वर आला. राहणाऱ्या मुलांच्या डोक्यावर स्लॅबचे तुकडे पडत असतील तर नुसतं थोर थोर म्हणून भागत नाही, हे मलाही कळतं. मी स्वतः कितीतरी जुन्या इमारतींचे पाडायचे कागद काढलेले आहेत. पण त्याच आवारातलं ग्रंथालय मुंबईच्या ब्रिंदा सोमया यांनी नीट दुरुस्त केलं आणि त्याला २०१९ साली युनेस्कोचं पारितोषिक मिळालं, म्हणजे दुरुस्ती अशक्य नव्हती.

१९८७च्या त्या दुपारी मी वसतिगृहाच्या एका कमानीचं पेन्सिलीने रेखाटन केलं होतं. ऊन कुठपर्यंत आत येतं ती रेघ तुटक काढून बाजूला वेळ लिहून ठेवली आहे, पावणेचार. कागद पिवळा पडलाय, पण रेघ दिसते. समितीकडे दिलं आहे; जाहिरातींतून जागा उरली तर छापतील.