होमी भाभा आणि जिनिव्हाची अणुपरिषद

आज रेणापुरात बसून मोबाईलवर गिटहब उघडलं, की जगात कुणीही खुला ठेवलेला कोड वाचता येतो. १९५० च्या आसपास अणुभट्टीबद्दल असं काही शक्यच नव्हतं. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, दोघांनी सगळं कुलपात ठेवलेलं. डेन्मार्कचे नील्स बोर १९४४ मध्येच चर्चिल आणि रूझवेल्टना भेटून सांगत होते, की रशियाला विश्वासात घ्या, नाहीतर बॉम्बची शर्यत लागेल. चर्चिलनी त्यांना उडवूनच लावलं.

पुढे कुलूप थोडं किलकिलं झालं, तेव्हा तिथे आपले होमी भाभा होते. जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. केंब्रिजला गेले इंजिनिअरिंग शिकायला, वळले फिजिक्सकडे. (आपल्याकडे बहुतेकांचं उलटं होतं!) १९४५ मध्ये त्यांनी टीआयएफआर उभी केली.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांची अणुपरिषद जिनिव्हाला भरली. अध्यक्ष भाभा. त्याआधी सात देशांच्या सल्लागार समितीत अमेरिका आणि रशिया एकाच टेबलाशी बसले होते, भारतातर्फे भाभाही. राजकारण बाहेर ठेवायचं, फक्त विज्ञान बोलायचं, असं ठरलं. मग गंमत झाली. युरेनियमचा अणू न्यूट्रॉनने फुटण्याची शक्यता किती, हे आकडे प्रत्येक देशाने वर्षानुवर्षं गुप्तपणे मोजले होते. शेजारी शेजारी ठेवले तर जवळपास जुळले! निसर्ग दोन्ही बाजूंना सारखंच उत्तर देत होता, लपवाछपवीत मेहनत तेवढी डबल झाली.

भाभांनी तिथे फ्यूजनची वीज २० वर्षांत काबूत येईल असंही सांगितलं. ती अजून यायचीय.

पण भाभांना सरळ ओपन सोर्सवाला म्हणता येणार नाही. भारताचा १९४८ चा अणुऊर्जा कायदा गुप्ततेचाच होता, आणि त्यावर संविधान सभेत प्रश्नही विचारले गेले. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे नियम ठरताना भाभांनी कडक तपासणीला विरोध केला. बड्या देशांचे बॉम्ब कुणी तपासत नाही, मग मदत घेणाऱ्या गरीब देशांवरच पहारा का, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो, पण समोरच्या मुत्सद्द्यांची भीतीही खोटी नव्हती. कॅनडाच्या मदतीने ट्रॉम्बेला उभ्या राहिलेल्या सायरस भट्टीतलंच प्लुटोनियम १९७४ मध्ये पोखरणला वापरलं गेलं.

ते बघायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला त्यांचं एअर इंडियाचं विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. त्याच अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते.