हातांच्या भाषेचे आचार्य : लोराँ क्लेर

हेलन केलर व त्यांच्या शिक्षिका ॲन सुलिव्हन यांची नावे आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत. लोराँ क्लेर हे नाव मात्र त्यांच्या वाचनात क्वचितच येते. सुलिव्हनबाईंचा जन्म १८६६ साली झाला. त्यापूर्वीच क्लेर हे पन्नासाहून अधिक वर्षे बधिर मुलांना शिकवून निवृत्त झाले होते. विशेष हे, की ते स्वतःही बधिर होते. त्यांच्या कार्याचे सारे बळ यातच होते, असे आम्हांस वाटते.

२६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधील ला बाल्म या खेड्यात त्यांचा जन्म झाला. एक वर्षाचे असताना ते खुर्चीवरून विस्तवात पडले व उजवा गाल भाजला. त्यामुळेच मुलाचे श्रवण व वास घेण्याची शक्ती गेली, अशी घरच्यांची समजूत होती. तो जन्मतःच बधिर असणेही शक्य आहे. गालावरचा व्रण जन्मभर राहिला, आणि दोन बोटे गालावरून खाली ओढणे ही बधिर लोकांत क्लेर यांच्या नावाची खूणच होऊन बसली. बारा वर्षांपर्यंत त्यांना शाळा ठाऊक नव्हती. गाई चरावयास नेणे, वडिलांच्या घोड्यास पाण्यावर नेणे, असल्या कामांत दिवस जात.

१७९७ साली चुलत्याने त्यांना पॅरिसच्या बधिर विद्यालयात नेऊन घातले. हे विद्यालय आबे द लेपे या धर्मगुरूने स्थापिलेले. बधिरांच्या हातवाऱ्यांत भाषा आहे व तिच्याद्वारे त्यांना लिहिणे-वाचणे शिकविता येते, हे त्यांनी ओळखले होते. तेथे लोराँस झाँ मास्यू हे गुरू लाभले, तेही बधिरच. पण सर्वच शिक्षक तसे नव्हते. एक साहाय्यक शिक्षक निवडक मुलांकडून तोंडाने उच्चार करवून घेत असे. लोराँस काही व्यंजने साधत नव्हती. एके दिवशी त्या शिक्षकाने संतापून त्याच्या हनुवटीखाली असा तडाखा दिला, की बिचाऱ्याची जीभ दातांखाली सापडली. त्या दिवसापासून मुलाने तोंडाने बोलण्याचा नाद कायमचा सोडला. आम्हां शिक्षकांनी हा प्रसंग दोनदा वाचावा.

१८०६ पासून क्लेर त्याच विद्यालयात शिकवू लागले. १८१५ साली विद्यालयाचे प्रमुख आबे सिकार हे मास्यू व क्लेर यांच्यासह लंडनमध्ये प्रात्यक्षिके करून दाखवीत होते. तेथे टॉमस गॅलॉडेट हा तरुण अमेरिकन त्यांना भेटला. हार्टफर्ड गावातील त्याच्या शेजाऱ्याची मुलगी ॲलिस कॉग्जवेल बधिर होती. तिच्यासारख्यांसाठी शाळा काढावी म्हणून तो विद्या शोधीत युरोपात आला होता. परंतु इंग्लंडमधील शाळाचालक आपली पद्धती सहजासहजी परक्यास दाखवावयास तयार नव्हते. पॅरिसकरांनी मात्र दार उघडले. गॅलॉडेटने तेथे काही महिने धडे घेतले आणि अखेर क्लेर यांनाच अमेरिकेस येण्याची गळ घातली. आईचा विरोध होता. तरीही तीन वर्षांचा करार करून १८ जून १८१६ रोजी ते जहाजावर चढले. प्रवास बावन्न दिवसांचा. तेवढ्या अवधीत गॅलॉडेट क्लेर यांस इंग्रजी शिकवी आणि क्लेर त्यास खुणांची भाषा शिकवीत. गुरुशिष्यांची अशी अदलाबदल करणारी जोडी आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

अमेरिकेत उतरल्यावर दोघे गावोगाव सभा घेऊन निधी जमवू लागले. क्लेर फळ्यावर इंग्रजीत उत्तरे लिहीत, आणि बधिर मनुष्य विचार करू शकतो हे पाहून लोक चकित होत. कनेटिकट राज्याने ५,००० डॉलर दिले. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे भाड्याच्या जागेत सात विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत ५१ वर्षांचा एक चित्रकारही होता!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या शाळेत घरी कोंकणी बोलणारी मुले येऊन मराठी शिकतात. पण येताना त्यांच्याजवळ एक पुरी भाषा असते. ऐकू येणाऱ्या घरातील बधिर मुलाजवळ बहुधा तीही नसते. त्याला प्रथम भाषा द्यावयाची आणि मग तिच्या आधारे इंग्रजी. पॅरिसमध्ये फ्रेंच व्याकरणातील प्रत्येक प्रत्ययासाठी कृत्रिम खुणा रचलेल्या होत्या. क्लेर यांनी त्या इंग्रजीस जुळवून पाहिल्या. पण त्यांच्या ओझ्याखाली अर्थ गुदमरे, म्हणून पुढे हार्टफर्डने त्या टाकून दिल्या. मार्थाज् व्हिनयार्ड बेटावरून काही विद्यार्थी येत. त्या बेटावर बधिरांची वस्ती इतकी होती, की ऐकू येणारे शेजारीही खुणांनी बोलत. त्यांच्या खुणा, इतर मुलांच्या घरगुती खुणा आणि क्लेर यांची फ्रेंच भाषा यांच्या मिश्रणातून अमेरिकेची खूणभाषा घडली. म्हणूनच ती ब्रिटनच्या खूणभाषेस नव्हे, तर फ्रान्सच्या खूणभाषेस जवळची आहे.

१८१८ साली क्लेर वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष मन्रो यांना भेटले. पुढल्या वर्षी काँग्रेसने शाळेस २३,००० एकर जमीन दिली. १८१९ मध्येच त्यांनी एलिझाबेथ बोर्डमन या आपल्या माजी विद्यार्थिनीशी विवाह केला. बधिरांनी परस्परांत विवाह करू नये, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते.

तीन वर्षांचा करार एक्केचाळीस वर्षे चालला. इतर राज्यांत बधिरांसाठी ज्या शाळा निघाल्या, त्यांतील अनेक शिक्षक हार्टफर्डलाच तयार झालेले होते. १८५८ साली क्लेर निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे बधिरांचे महाविद्यालय स्थापन झाले, त्या समारंभात त्यांनी भाषण केले, अर्थात हातांनी. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १८८० साली, मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. देशोदेशी बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि मुलांना हात आवरून ओठ वाचावयास लावले गेले. २०१० साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने ते ठराव फेटाळून खेद व्यक्त केला. वॉशिंग्टनच्या ज्या संस्थेच्या उद्घाटनास क्लेर गेले होते, ती आता गॅलॉडेट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तिला पहिला बधिर अध्यक्ष १९८८ साली मिळाला, तोही विद्यार्थ्यांनी आठवडाभर विद्यापीठ बंद पाडल्यावर.