विश्लेषण : रुग्णाच्या ताटाकडे पाहणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०) म्हटले की हातातला दिवा आठवतो. रुग्णाच्या जेवणासाठी त्यांनी केलेले काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

स्कुतारीत काय घडले?

क्रिमियन युद्धादरम्यान नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुतारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे मांस मोठ्या हंड्यांत उकडून, हाडासकट वजन करून वाटले जाई. कुणाच्या वाट्याला हाडच जास्त येई. नाइटिंगेल यांनी अशक्त रुग्णांसाठी पचायला हलके पदार्थ करणारी वेगळी स्वयंपाकघरे सुरू केली. १८५५ मध्ये नामवंत आचारी अलेक्सिस सोयर मदतीला आले.

परिचारिकांना काय शिकवले?

त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९ मधील पुस्तकात आहारावर दोन प्रकरणे आहेत. अन्न मुबलक असूनही केवळ दुर्लक्षामुळे रुग्णांची उपासमार होते, हे त्यांचे निरीक्षण. अशक्त रुग्णाला थोडे थोडे, ठरल्या वेळी भरवावे; न खाल्लेले अन्न उशाशी ठेवू नये, असे त्यांनी बजावले.

हे काम परिचारिकेचेच का?

डॉक्टर रुग्णाला दिवसातून थोडाच वेळ पाहतात. ताटात काय उरले, का उरले, हे परिचारिकेलाच दिसते. तिने ते सांगितले, तरच आहार वेळीच बदलता येतो.