मैना आणि तिचे गाव

उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाटकाची हद्द येते. १९८४ साली त्या भागातल्या एका बँकेच्या शाखेत मी नवा अधिकारी होतो. एका दुपारी एक बाई मुंबईहून नवऱ्याने पाठवलेला ड्राफ्ट घेऊन आली. अंगठा उठवणारी. ओळख द्यायला कुणी खातेदार आणा, असे सांगून मी तिला परत पाठवले. नियम तसाच होता. पण ती किती चालून आली, हे विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही.

संध्याकाळी वस्तीवरच्या कर्ण्यातून ‘माझी मैना’ ऐकू आली. तारीख १ ऑगस्ट, अण्णा भाऊ साठे यांची जयंती. छक्कड मी पूर्वीही ऐकली होती. त्या दिवशी मात्र तिच्यातली मैना मला दुपारी काउंटरपलीकडे उभी दिसली.

अण्णा भाऊ १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी मांग कुटुंबात जन्मले. नाव तुकाराम. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोरवयात वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, हमाली केली, गिरणीत राबले. अक्षरे शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि चळवळीतल्या मित्रांकडून. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख बार्शीचे, म्हणजे आम्हा उस्मानाबादकरांच्या बाजारपेठेचे. त्यामुळे त्यांना आम्ही थोडे आमचेच समजतो. पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे: ‘फकिरा’, १९६१ चा रशियाचा प्रवास, आणि एवढे होऊनही शेवटपर्यंत न सुटलेले दारिद्र्य. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. दीड महिन्याच्या आत अमर शेखही अपघातात गेले.

‘माझी मैना’ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. पोटासाठी मुंबईत आलेला गडी बायकोचे रूप आठवतो, निरोपाची घडी आठवतो, शहरातली श्रीमंती आणि आपला रिकामा खिसा पाहतो. आणि शेवटी ही ताटातूट महाराष्ट्राचीच होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तिकडे राहिल्याचे दुःख त्या बाईच्या रूपाने समोर येते. अभ्यासक या रूपकावरच भर देतात. माझे मत जरा वेगळे आहे. नुसत्या सीमेवरचे गाणे असते तर ते १९६० नंतर मागे पडले असते. रूपक टिकले, कारण त्याखालची बाई खरी होती.

आमच्या भागाला तर दोन्ही अर्थ लागू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आळंद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी मात्र पूर्वीच्याच राहिल्या. उमरग्याची लेक आळंदला नांदायची आणि एका रात्रीत परराज्यातली व्हायची. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला.

विठ्ठल उमपांच्या आवाजाने हे गाणे पुढच्या पिढीपर्यंत नेले. २००२ साली अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. त्याचा आनंद आहेच. पण दर १ ऑगस्टला वस्तीवस्तीत जे वाजते त्याची सर तिकिटाला नाही, असे मला टपालाशी आणि पैशाशी आयुष्यभर संबंध आलेला माणूस म्हणून वाटते.

ती बाई दुसऱ्या दिवशी गावच्या पोलीस पाटलांना घेऊन आली. त्यांचे खाते आमच्याकडे होते. अंगठा उठला, पैसे मिळाले. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

हल्ली दसरा-दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूमकडून ऊसतोडीला ट्रक निघतात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मैनाही आता बरोबर जाते. गावात उरतात म्हातारी आणि शाळेत नाव असलेली पोरे.