तीन कामगार आणि घराचा मालक

घरी पाहुणे आले की त्यांना शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नेणं हे इथल्या मराठी माणसाचं ठरलेलं काम. तिथे सात फूट उंच, नऊ फूट रुंद असं एक चित्र आहे. पॅरिसचा पावसाळी रस्ता, साल १८७७. छत्रीखालचं उंची कपड्यांतलं जोडपं सगळ्यांनाच दिसतं. त्यांच्या मागे शिडी घेऊन चाललेला रंगारी मला बायकोने दाखवला. तेव्हापासून या चित्रकाराचा नाद लागला.

ग्युस्ताव कायबॉत १८४८ मध्ये पॅरिसला जन्मला. वडिलांचा धंदा फ्रेंच सैन्याला बिछाने पुरवण्याचा, त्यामुळे पैसा रग्गड. मुलगा कायदा शिकला, १८७० च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात जाऊन आला आणि नंतर वकिलीऐवजी चित्रकलेकडे वळला. (आपल्याकडे घरात काय महाभारत झालं असतं, कल्पना करा!) १८७४ च्या डिसेंबरात वडील वारले. सव्विसाव्या वर्षी हातात इस्टेट आली.

लगेच १८७५ मध्ये त्याने काय रंगवलं, तर उघड्या अंगाने, गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासणारे तीन कामगार. खिडकीतला उजेड पाठींवर पडलाय, लाकडाची सालपटं विखुरलीत, बाजूला वाइनची बाटली. ती खोली त्याच्याच घरातली, असं मानतात. 'सलों' या सरकारमान्य प्रदर्शनाने चित्र नाकारलं. शेतात राबणारी माणसं तोवर चित्रांत येऊन गेली होती, पण शहरात, श्रीमंताच्या दिवाणखान्यात घाम गाळणारा मजूर रसिकांना पचेना. १८७६ मध्ये ते इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनात लागलं.

मला यात कळवळा दिसत नाही, आणि तेच आवडतं. पण आपण त्या कामगारांकडे वरून बघतो, हेही खरंच. चित्रकार उभा आहे, ते गुडघ्यांवर. मालकाची नजर त्याने लपवलेली नाही. त्याच्या १८७६ च्या युरोप पुलाच्या चित्रातही उंच टोपीवाला साहेब आणि कठड्यावर रेललेला मजूर एकाच पुलावर आहेत, पण अंतर राखून.

पैसा त्याने मित्रांसाठी सढळ हाताने वापरला. मोनेचं भाडं भरलं, १८७७ च्या प्रदर्शनाचा खर्च उचलला, कोणी घेत नसताना मित्रांची चित्रं विकत घेतली. १८७६ मध्ये धाकटा भाऊ तरुणपणीच गेला. त्या धक्क्यात अठ्ठाविसाव्या वर्षीच मृत्युपत्र करून त्याने हा संग्रह सरकारच्या नावे लिहिला. अट अशी, की चित्रं माळ्यावर टाकायची नाहीत. १८९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पुढे रन्वारने सरकारशी दोन वर्षं घासाघीस केली, तेव्हा साठाहून अधिक चित्रांपैकी चाळीसच्या आसपास स्वीकारली गेली! आज ती पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत.

शेवटची वर्षं त्याने सेन नदीकाठी पेती-जेनविलिएला काढली. बागकाम, शिडाच्या बोटींचे आराखडे आणि सोबत शार्लोत बेर्तिए. ती त्याच्या वर्गातली नव्हती. लग्न त्याने केलं नाही, पण मृत्युपत्रात तिच्यासाठी घर आणि वर्षासन ठेवलं.