घरात मराठी, गल्लीत कानडी

१९९६ च्या दहावीच्या बॅचची स्मरणिका निघतेय, काहीतरी लिहून पाठव, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहायच्या असं मनात होतं. पण पीटीच्या सरांची शिट्टी, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतले अर्धे रिकामे वर्ग, सहामाहीच्या पेपरांची गोष्ट, हे सगळं बाकीचे माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून मी एका अशा माणसाबद्दल लिहितेय, ज्यांचा आपल्या शाळेशी काही संबंध नाही. पण आपल्यातले कितीतरी जण अकरावीला ज्या दयानंद कॉलेजात गेले, तिथे ते बारा वर्षं शिकवत होते. दत्तात्रय रामचंद्र बेंद्रे. कन्नडमधले ज्ञानपीठ विजेते कवी, आणि घरची भाषा मराठी. आपण सोलापुरात वाढलो, तरी मला हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

आधी माझी बाजू सांगते, कारण बेंद्र्यांकडे मी तिथूनच पोचले. तुम्हाला आठवत असेल, आपल्या वर्गात पूर्व भागातून येणारी मुलं घरी तेलुगू बोलायची, आम्ही काहीजणी घरी कानडी बोलायचो, दोघींच्या घरी दखनी होती. वर्गात सगळ्यांची मराठी. चौथीपर्यंत मी ‘टेबल आली’, ‘तो पुस्तक’ असं बिनधास्त म्हणायचे. कानडीत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच, त्यामुळे टेबल नपुंसक आणि खुर्ची बाई का, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. वर्ग हसायचा. मराठीच्या बाई मात्र हसायच्या नाहीत. वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावायच्या, एवढंच. मी जे काही मराठी लिहितेय ते त्यांच्यामुळे. या लेखात लिंगाच्या चुका सापडल्या तर बाईंनी लाल पेन काढावा.

बेंद्र्यांचं बालपण म्हणजे माझं बालपण उलटं करून ठेवलेलं. जन्म ३१ जानेवारी १८९६, धारवाड. घर चित्पावन ब्राह्मणांचं, मराठी बोलणारं. आजोबा दशग्रंथी, वडीलही संस्कृतचे जाणकार. म्हणजे घरात मराठी, पोथीत संस्कृत, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की कानडी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या भागात शाळांमधूनसुद्धा मराठीच चाले. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी खटपट करून कन्नड शाळा वाढवल्या, आणि १८९० मध्ये धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला. बेंद्रे जन्मले तेव्हा हा संघ जेमतेम सहा वर्षांचा होता. मराठी ही तिथे नुसती एका घराची भाषा नव्हती, कचेरीची आणि प्रतिष्ठेची भाषा होती. ती घरातच मिळालेल्या मुलाने कानडीकडे जावं, अशी काही सक्ती नव्हती.

बारा वर्षांचे असताना वडील गेले. चार भावांत हे थोरले. पुढे आईने वाढवलं. तिचं नाव अंबिका. कवी म्हणून त्यांनी जे नाव घेतलं ते ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. गंमत बघा, ज्या आईशी ते मराठीत बोलत होते तिचं नाव त्यांनी आपल्या कन्नड कवितेवर घातलं. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं की अंबिकातनयदत्त हा आतला कोणी वेगळाच आहे. त्याला आतून जे ऐकू येतं ते तो कन्नडमध्ये जगापुढे मांडतो. काही लोकांना हे गूढ वाटतं. मला वाटलं नाही. आज्जी रागावली की कानडीत काय बोलेल ते डोक्यात ऐकू यायचं आणि निबंधात मी ते मराठीत उतरवायचे. हे काम मी पाचवीपासून करतेय.

१९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याला आले. नातेवाइकांच्या आधाराने फर्ग्युसन कॉलेजात शिकून १९१८ मध्ये बी. ए. झाले. पुणं त्या वेळी मराठीचं माहेरघरच. मराठी मातृभाषेचा, कविता सुचणारा, तल्लख मुलगा तिथेच रमला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. ते धारवाडला परतले, व्हिक्टोरिया हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि लिहीत राहिले ते कन्नडमध्ये. १९१९ मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. १९२२ मध्ये मित्रांना जमवून ‘गेळेयर गुंपु’ काढला, म्हणजे मित्रांचा कंपू. पुढे ज्ञानपीठ मिळालेले वि. कृ. गोकाक यातलेच.

पण कन्नड म्हणजे कोणती कन्नड? या एका गोष्टीवर मी थोडी रेंगाळणार आहे. बेंद्र्यांची थोर कविता आहे ती पुस्तकी कन्नडात नाही. ती धारवाडकडच्या बोलीत आहे: बाजारात, पाणवठ्यावर, जात्यावर बोलली-गायली जाणारी, लावणीच्या आणि बायकांच्या गाण्यांच्या चालीची. घरी जी भाषा नव्हती ती त्यांनी कानाने उचलली होती. मूल भाषा शिकतं ते ज्यांच्याशी खेळतं, भांडतं, ज्यांच्या ओसरीवर बसतं त्यांच्याकडून. बेंद्र्यांना कानडी अशी मिळाली, आणि तशीच त्यांनी ठेवली. मला तर वाटतं, ती घरची नव्हती म्हणूनच तिचा नाद त्यांना जास्त ऐकू आला असेल. रोजच्या भाषेतला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, अर्थच तेवढा कळतो.

आयुष्य सोपं नव्हतं. ‘नरबली’ या कवितेत सरकारला राजद्रोह दिसला आणि १९३२ मध्ये त्यांना बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात टाकलं, नंतर धारवाडजवळच्या मुगद गावात नजरकैदेत ठेवलं. नोकरी गेली. पुढची कितीतरी वर्षं पक्कं उत्पन्न नव्हतं. एकामागून एक मुलं लहानपणीच दगावली. मेलेल्या मुलाला पाहायला आलेल्या नवऱ्याने बायकोच्या नजरेला नजर देताना काय वाटतं, यावर त्यांची एक कविता आहे. ती मी एकदाच ऐकली. पुन्हा ऐकण्याची हिंमत झालेली नाही. १९३५ मध्ये ते एम. ए. झाले, १९४३ मध्ये शिमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि तरीही स्थिर नोकरी मिळाली ती १९४४ मध्ये, आपल्या गावात, दयानंद कॉलेजात, कन्नडचे प्राध्यापक म्हणून.

कन्नड शिकवायला मराठी घरातला माणूस सोलापूरला आला, यात सोलापूरकराला आश्चर्य वाटू नये. गिरण्यांच्या या गावात एका रस्त्यावर तीन भाषांत भाव होतो. ही त्यांची बारा वर्षं नेमकी भाषावार राज्यांच्या चळवळीची. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. धारवाड म्हैसूर राज्यात गेलं, सोलापूर मुंबई राज्यात राहिलं. त्याच वर्षी बेंद्रे कॉलेजातून बाहेर पडून धारवाडला परतले आणि तिथल्या आकाशवाणीचे सल्लागार झाले. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर चिडलेली असताना या गृहस्थांनी मराठी सोडून दिली नाही. ‘संवाद’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं आणि त्याला केळकर पारितोषिक मिळालं. १९५८ मध्ये ‘अरळु मरळु’ला साहित्य अकादमी, ‘नाकु तंती’साठी १९७३ चं ज्ञानपीठ. उतारवयात त्यांना आकड्यांचा नाद लागला, विशेषतः ४४१ या संख्येचा. २१ चा वर्ग, इतकं मला कळतं. पुढचं कळत नाही आणि कळतं असं सांगणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही.

आता पुन्हा माझ्या घरी. माझी थोरली तीन वर्षांची असताना पुण्यातल्या एका बालवाडीत आम्हाला बोलावून सांगितलं गेलं की मुलगी कमी बोलते, शब्द मिसळते, घरात एकच भाषा ठेवा. माझे मिस्टर मराठी, घरात मराठी होतीच. जायची कुठली ते उघड होतं. मी इंजिनिअर बाई, कुठलाही कोड चालवण्याआधी तपासून घेणारी. पण हे मी न तपासता मान्य केलं. दुसऱ्या दिवसापासून लेकीशी कानडी बंद. फोनवर माझी अव्वा तिच्याशी कानडीत बोलायला लागली की मीच म्हणायचे, अव्वा, मराठीत बोल.

तपासलं ते फार उशिरा. दोन भाषांत वाढणारी मुलं साधारण इतर मुलांच्याच वयात बोलू लागतात. एकेका भाषेतले शब्द मोजले तर कमी भरतात. दोन्हींचे मिळून मोजले तर बरोबरीचे. एका वाक्यात दोन भाषा आल्या तर तो गोंधळ नसतो, मोठी माणसंही तेच करतात, सोलापूरच्या कुठल्याही दुकानात उभं राहून ऐका. द्विभाषिक मुलं मागे पडतात ही समजूत १९६२ मध्येच माँट्रियलमधल्या पील आणि लॅम्बर्ट यांच्या अभ्यासाने हलवली होती. तिथली फ्रेंच-इंग्रजी बोलणारी दहा वर्षांची मुलं चाचण्यांत एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरली. द्विभाषिक मुलांचं लक्ष जास्त एकाग्र असतं वगैरे जे पुढे सांगितलं गेलं त्यावर अजून वाद आहेत, ते मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही. आणि ज्या मुलाला खरंच बोलण्याची अडचण असते, ती त्याच्या सगळ्याच भाषांत दिसते. एक भाषा काढून घेतल्याने ती जात नाही. लेकीला तशी अडचण नव्हतीच. साडेचार वर्षांची झाली आणि तिचं तोंड बंद होईना.

चार वर्षांपूर्वी अव्वाला अर्धांगाचा झटका आला. पन्नास वर्षं सोलापुरात बोललेली मराठी तिच्या तोंडून गेली आणि कानडी तेवढी राहिली. ती नातीला काहीतरी विचारायची, नात माझ्याकडे बघायची, मी सांगायचे. दोन महिने हे चाललं. शेवटी शेवटी मी ऑफिसच्या कॉलवर असताना दोघी खोलीत नुसत्या हात धरून बसलेल्या असायच्या.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसातल्या बेंगळुरूच्या एका सहकाऱ्याने जेवताना बेंद्र्यांचं एक गाणं लावलं. त्यातले दोनतीन शब्द त्यालाच अडत होते. मला अडले नाहीत. ते माझ्या आज्जीचे शब्द होते. मी भात तसाच टाकून बाहेर जाऊन उभी राहिले. त्या रात्री कवीचं नाव शोधलं, आणि ‘सोलापूर, १९४४ ते १९५६’ हे वाचून मोठ्याने हसले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन धारवाडला गेलो. साधनकेरीत बेंद्र्यांचं घर आहे, शेजारी स्मारक. ऑक्टोबर १९८१ मध्ये ते मुंबईत वारले. मुलगा वामन बेंद्रे कन्नडचे अभ्यासक, वडिलांची समग्र कविता त्यांनीच संपादित केली. म्हणजे त्या मराठी घरात पुढच्या पिढीतही कानडी टिकली. तिथे भिंतीवर कन्नडमध्ये बरंच लिहिलेलं होतं आणि मी त्याच्यासमोर निरक्षर उभी होते. मी मराठी शाळेतली, कानडी लिपी कधी शिकलेच नाही. हे आपल्या बॅचमधल्या सगळ्याच कानडी मुलींचं आहे, विचारून बघा.

धाकट्याशी मी जन्मापासून कानडीत बोलतेय. त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र मराठीत देतो, आणि रागावला की इंग्रजीत. थोरली सोळा वर्षांची आहे. धारवाडहून आल्यावर तिने मोबाइलवर कन्नड मुळाक्षरं शिकायला घेतली, मी सांगितलं नव्हतं. तिथून आणलेलं बेंद्र्यांचं पुस्तक ती एकेक अक्षर जुळवत वाचते. अर्थ तिला कळत नाही. मी ऐकते आणि अर्थ सांगते. मला अक्षरं येत नाहीत. अशा साडेतीन कविता झाल्या आहेत. चौथी अर्ध्यावर अडलीय, कारण एक शब्द तिने बरोबर वाचलाय की नाही ते दोघींनाही ठरवता येत नाही. मेळाव्याला येताना पुस्तक पिशवीत आणणार आहे. कुणाला कानडी वाचता येत असेल तर जेवणाच्या वेळी माझ्या शेजारी बसा.